भरीत गार होऊ नये म्हणून

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच दिपमालाचं डोकं फिरलं, आणि तेही एका सोफ्यावरून.

असोद्याच्या रस्त्याला, केळीच्या बागेलगतच्या मोकळ्या वावरात त्या दिवशी भला मोठा पडदा उभा केला होता. पडद्यासमोर लाल सोफ्यांची एक रांग, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वावराच्या दुसऱ्या टोकाला कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजायला घेतलेली. जळगावच्या पायवाट गिरिभ्रमण मंडळाचा हा कार्यक्रम. डोंगरदऱ्यांच्या, जंगलाच्या, साहसाच्या फिल्म उघड्यावर बसून बघायच्या, वर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या खायच्या, आणि तिकिटांतून जे जमेल ते सातपुड्याच्या पायथ्याशी वणवे विझवणाऱ्या गावकऱ्यांसाठी द्यायचं. बूट, पाठीवर अडकवायचे पाण्याचे पंप, असं काय काय. ही माणसं आजवर हिरव्या फांद्यांनी आग झोडपत आली होती. कल्पना चांगली होती. आपल्याकडे कल्पनेत कधी खोट नसते, खोट पुढे माणसं आणतात.

तर त्या पहिल्या रांगेतल्या एका सोफ्यावर दिपमालाने झुंबरबाईंना आणून बसवलं होतं. साठी ओलांडलेली बाई, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, मांडीवर कापडी पिशवी. आपल्यामुळे सोफा मळेल की काय अशा बेताने त्या अगदी कडेला टेकल्या होत्या. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारी पुनम लगबगीने आली, अतिशय गोड हसली आणि म्हणाली की हे सोफे देणगीदार पाहुण्यांचे आहेत, अक्कांची सोय मागे महिलांच्या रांगेत केली आहे.

कार्यक्रम कुणाच्या नावाने आहे, असं दिपमालाने तिला विचारलं. पुनमने मागे वळून फलकाकडे पाहिलं. देणगीदारांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून झाल्यावर खाली जी जागा उरली होती, तिथे 'कै. झुलालआबा स्मृती' असं होतं.

"या त्यांच्या बायको आहेत," दिपमाला म्हणाली.

पुनम आणखी गोड हसली. म्हणाली, हो ना, म्हणूनच तर त्यांचा सत्कार ठेवलाय.

झुलालआबा बोरपाणीचे. चोपड्याच्या वर, सातपुड्याला पाठ लावून बसलेलं ते गाव. आबा पुढे आणि जळगावची मंडळी मागे धापा टाकत, असंच मंडळाच्या प्रत्येक ट्रेकचं चित्र असायचं. गेल्या उन्हाळ्यात गावामागच्या टेकडीला वणवा लागला. आबा चार माणसं घेऊन झोडपायला गेले. आग विझली. आबा धुरात पडले, ते उठले नाहीत. मंडळाने शोकसभा घेतली. त्या शोकसभेतही एक सत्कार उरकून घेतला होता, पण ते जाऊ द्या.

दिपमाला जळगावात लग्नांचं शूटिंग करते. हळदी, वराती आणि रुसलेल्या मावश्या टिपून झाल्यावर जो वेळ उरतो, त्यात तिने दोन हिवाळे आबांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत एक फिल्म केली होती. बारा मिनिटांची. आबा कडा चढताहेत, आबा खडकाखालचं पाणी दाखवताहेत, आबा अस्वलाच्या पावलाशेजारी आपला पंजा ठेवून हसताहेत. आबा गेले तेव्हा तिचे तुकडे जोडायचे बाकी होते. ते तिने रडत रडत जोडले, आणि फिल्म फोनवर घेऊन बोरपाणीला गेली.

अक्कांनी फोन हातात घेतला. डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, तिरका केला. मग नाद सोडून कानाला लावला. त्यांच्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या होत्या. आहे ते सांभाळा, गेलेलं परत येणार नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं. दार दिसायचं, बैल दिसायचा, माणूस आला एवढं कळायचं. चेहरा दिसायचा नाही. शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या नवऱ्याचं तोंडही त्यांना शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं. घरात आबांचा फोटो म्हणाल तर मतदानाच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा.

फोन खाली ठेवून अक्कांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. चोपड्याला भाचीच्या लग्नात मांडवात भिंतीएवढा टीव्ही लावला होता. जवळून जाऊन आशीर्वाद दिला तेव्हा त्यांना नवरीचं तोंड दिसलं नाही. त्या भिंतीवर मात्र तिची नथ दिसली, नथीतला लाल खडासुद्धा दिसला.

"तितला मोठा करीसन दखाडशी का तेस्ले?" त्यांनी विचारलं. "एक डाव."

दिपमालाने शब्द दिला. पडद्याच्या कार्यक्रमाची कल्पना खरं तर अक्कांच्या घराच्या ओट्यावर निघाली होती. मंडळाचे अध्यक्ष भूषणसर, शहरात शिकवणी वर्ग चालवतात, त्यांना ती इतकी आवडली की आठवडाभरात ती त्यांचीच झाली. दिपमालाला त्याचं काही वाटलं नाही. ज्याला मिरवायचं त्याने मिरवावं, अक्कांना आबा दिसले म्हणजे झालं. म्हणून त्या दिवशी सकाळीच ती स्वतः गाडी घेऊन बोरपाणीला गेली आणि त्यांना घेऊन आली. वाटेत अक्का फारसं बोलल्या नाहीत. पिशवीतून मात्र मधूनमधून एक फडकं काढून डोळे पुसत होत्या. दिपमालाला वाटलं रडताहेत. तर त्या म्हणाल्या, डोळे साफ ठेवते, म्हणजे नीट दिसेल.

आणि आता हिला मागच्या रांगेत बसवायचं म्हणे.

दिपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सोफ्यावरून तमाशा करून संध्याकाळ नासवायची नाही असं तिने ठरवलं. ती इसाकभाईंकडे गेली. पडदा, प्रोजेक्टर, दिवे, खुर्च्या, सगळं त्यांच्या मंडपाचंच होतं. इसाकभाईंनी काही न विचारता एक सतरंजी काढली आणि सोफ्यांच्या पुढे, पडद्यासमोर स्वतः अंथरून दिली. अक्का तिच्यावर मांडी घालून बसल्या आणि सोफ्यापेक्षा जास्त मोकळ्या झाल्या. पडदा अजून कोराच होता, तरी त्यांनी त्याच्याकडे तोंड करून घेतलं.

अंधार पडला. दिपमाला वाट बघू लागली. पण आपल्याकडे अंधार पडला म्हणून फिल्म सुरू होत नाही, त्याआधी दीपप्रज्वलन असतं. उघडं वावर, थंडीतला वारा, आणि पाच वातींची समई. पाहुण्यांनी एक वात लावावी तोवर दुसरी विझावी. शेवटी दोघांनी शाल धरून आडोसा केला तेव्हा कुठे ज्ञानाचा प्रकाश पडला, आणि फोटो निघाला.

मग पहिली फिल्म लागली. मंडळातल्याच एका डॉक्टरांनी हिमालयातलं एक शिखर चढल्याची. बर्फ कमी, डॉक्टर जास्त, पण ठीक होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती संपल्याबरोबर दिवे लागले आणि डॉक्टरांचा सत्कार झाला, त्यांच्या सौभाग्यवतींचा झाला, आणि शिखरावर न गेलेल्या पण जाणार होतेच अशा एका मित्राचाही झाला. दुसरी फिल्म घुबडांवरची. ती खरोखर सुरेख होती. झाडाच्या ढोलीतून पिलू पहिल्यांदा बाहेर डोकावतंय, पंख उघडतंय, आता उडणार, एवढ्यात पडदा गोठला आणि दिवे भक्कन लागले. टाइल्सच्या शोरूमवाले रतिलालशेठ आले होते.

शेठ बिचारे ओशाळले. चालू द्या, चालू द्या, मी बसतो गुपचूप, असं हातांनी सांगत होते. पण त्यांना कोण सोडतंय. त्यांना मंचावर नेलं, शाल घातली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोलायला लावले. मी बोलणार नाही असं म्हणून ते उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. लहानपणी ते तापीत पोहायचे. पिलू मागे पडद्यावर पंख उघडून तसंच थांबलं होतं, आणि शेठ बोलून झाल्यावर ते उडवायचं सगळेच विसरले.

दिपमालाने दोनदा जाऊन भूषणसरांच्या कानाशी विचारलं की आबांची फिल्म कधी. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे होणार, होणार. मग वावर वापरायला देणाऱ्याचा सत्कार, वांगी देणाऱ्याचा सत्कार, फलक छापून देणाऱ्याचा सत्कार. नाव घ्यायचं राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही ही भीती खरी असते, हे दिपमालालाही ठाऊक होतं. तिने काढलेल्या लग्नांच्या कॅसेटी एकेकाळी त्याच पायी तासातासाने लांबलेल्या. पण लग्नात निदान नवरानवरीला विसरत नाहीत. इथे ज्याच्या नावाने सगळं चाललं होतं तो माणूस तिच्या लॅपटॉपमध्ये बंद होता, आणि त्याची बायको सतरंजीवर बसून दर टाळीनंतर विचारत होती, आते का? दिपमाला दर वेळी सांगत होती, आता, अक्का, आता.

शेवटी अक्कांनाच मंचावर बोलावलं. वीरपत्नी, असं पुनम म्हणाली. शाल घातली, नारळ दिला, काचेचं सन्मानचिन्ह दिलं, आणि एका मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकचं एक टोक धरायला लावलं. दुसरं टोक रतिलालशेठांनी धरलं. कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले तेव्हा अक्कांनी डोळे गच्च मिटून घेतले. दिपमाला जवळच उभी होती, तिला कळलं. फिल्मच्या आधी डोळ्यांवर ताण नको, म्हणून त्या जपत होत्या. मग पुनमने माइक त्यांच्या तोंडाशी नेला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

अक्का म्हणाल्या, "शाल चांगली शे. पन मी शाल लेवाले नही उनू. मना मालकले देखाले उनू. पाच वरीस व्हयनात, तेस्नं तोंड नही देखं मी. ते आते लावा."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता. लोक उभे राहिले. भूषणसरांनी चष्मा काढून डोळे टिपले. काजळ फिसकटणार नाही अशा बेताने पुनमनेही टिपले, म्हणाली की अशी माया आजच्या जगात दुर्मीळ झाली आहे, आणि या हृद्य क्षणानंतर पुढचे सत्कारमूर्ती म्हणून तिने जनरेटरवाल्यांना मंचावर आमंत्रित केलं.

दिपमाला थिजलीच. बाईने इतक्या सरळ शब्दांत सांगितलं, लावा. त्यावर यांनी टाळ्या वाजवल्या. मागणं ऐकून टाळ्या वाजवून ते संपवून टाकायची ही तऱ्हा तिने मंडळात पूर्वीही पाहिली होती, पण आज ती अंगावर आली. या सगळ्यांना एकेक करून धरून हलवावं असं तिला वाटलं.

तोवर भरीत तयार झालं होतं. वांगी सोलून लाकडी बडगीत हिरवी मिरची न् लसणाबरोबर ठेचली जात होती, वरून कांद्याची पात पडत होती, कढईत पुऱ्या फुगत होत्या. वारा नेमका त्या बाजूने होता. पाठमोऱ्या खुर्च्यांवरची डोकी एकेक करून वळू लागली. खानदेशी माणसाला थंडीतल्या भरताचा वास आला की त्याच्यापुढे डोंगर काय न् जंगल काय, सगळं पाणी कम चाय. भूषणसरांनी ते ओळखलं आणि माइक हातात घेतला. वेळेअभावी, असं ते म्हणाले, वेळेअभावी आपण स्नेहभोजन आणि शेवटची फिल्म एकत्रच घेऊ या. जेवता जेवता आबांना बघू या, आबांनाही तेच आवडलं असतं.

आबांना काय आवडलं असतं हे सांगायला आता आबा नव्हते.

दिपमालाने धावत जाऊन फिल्म लावली, आणि त्याच वेळी वावरातले सगळे हॅलोजन एकदम पेटले. भरताच्या टेबलांवरचे, वाटेवरचे, पडद्याच्या दोन्ही अंगांचे. लोकांना ताटात काय पडतंय ते दिसायला हवं ना. पांढऱ्या उजेडात पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा झाला. त्यावर काही तरी हलत होतं एवढंच. आबांचा आवाज मात्र स्पष्ट येत होता, दगड जपा, पाय इथं ठेवा. पडद्याकडे सगळ्यांच्या पाठी होत्या. ताटांची रांग केळीच्या बागेपर्यंत गेली होती.

सतरंजीवर अक्का एकट्या. त्यांनी मान पुढे काढली, मागे घेतली, फडक्याने डोळे पुसले.

"आवाज तं येई ऱ्हायना," त्या म्हणाल्या. "त्या कोठे शेतस?"

दिपमाला तशीच मागे फिरली. सरळ भूषणसरांकडे गेली. ते रतिलालशेठांच्या ताटात आग्रहाने पुरी वाढत होते. दिवे बंद करा, फक्त बारा मिनिटं, असं तिने सांगितलं.

"दिपमालाताई," सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "भरीत गार झालं ना, तर लोक वर्षभर आपल्याला नावं ठेवतील."

पडद्यावर काही दिसत नाहीये, ती म्हणाली. सरांनी तेव्हा पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. आवाज तर छान येतोय की, असं त्यांचं मत पडलं. मग जेवणानंतर पुन्हा लावा, ती म्हणाली. त्यावर कळलं की इसाकभाईंना जळगावात एका हळदीला पडदा न्यायचा होता, तसं सरांनीच ठरवून दिलं होतं, आणि जेवणं झाली की सगळं उतरवायचं होतं. दिपमालाचा चेहरा बघून सरांना काही तरी केलं पाहिजे असं वाटलं असावं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्कांना आपण पेन ड्राइव्ह देऊ ना. छान डबीत घालून. सन्मानचिन्हाबरोबर शोभून दिसेल."

ज्या बाईला समोरच्या माणसाचं नाक दिसत नाही तिला पेन ड्राइव्ह. दिपमाला वळली ती थेट जनरेटरकडे. इसाकभाई बोर्डापाशी स्टुलावर बसले होते. तिने सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. सरांची बाकीची कामंही त्यांच्याकडेच असायची, ते दिवे बंद करू शकत नव्हते. मग ते उठले, शर्ट झटकला आणि कुणाकडेच न बघता म्हणाले की वरचे दोन खटके लाइटचे आहेत, खालचा प्रोजेक्टरचा, त्याला कुणी हात लावू नये. आणि सतरंजीचं काय झालं बघून येतो म्हणून निघून गेले.

दिपमालाने वरचे दोन्ही खटके पाडले.

जो काय गोंधळ उडाला. अंधारात ताटं ताटांवर आपटली, कुणाच्या तरी स्वेटरवर भरीत सांडलं, बायकांनी पोरांची नावं घेऊन हाका मारल्या, आणि लाइट, लाइट असा चहूकडून ओरडा सुरू झाला. आपल्याकडे लाइट गेली की माणूस पहिल्यांदा ओरडतो आणि मग शेजारच्याची गेली का बघतो. इथे बघायला शेजार नव्हता. दिपमालाने फिल्म पहिल्यापासून लावली आणि मंचावर चढून माइक हिसकल्यासारखा घेतला.

"लाइट गेली नाही, मी घालवली आहे," ती म्हणाली. "ज्यांच्या नावाने जेवताय त्यांचं तोंड बघा. बारा मिनिटांत घास काही कुणाच्या नाकात जाणार नाही."

भूषणसर अंधारातून कुठून तरी म्हणत होते की हे बरोबर नाही, ताई, हे बरोबर नाही. काहींनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या आणि जेवण पुढे चालू ठेवलं. काहीजण मुकाट्याने वळले. पण दिपमालाला त्यांच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. ती खाली उतरून सतरंजीवर अक्कांशेजारी बसली.

आणि आबा आले. घराएवढे. डोक्याला मळकट रुमाल, खांद्यावर काठी, मागे सातपुड्याची निळी कड. अक्का उठून उभ्या राहिल्या. दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या. त्यांचा हात पदरासकट तोंडावर गेला.

"दिसनात," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मिशा बठ्ठ्या पांढऱ्या व्हई गयात." आणि हसल्या. लग्नाच्या पोरीसारख्या हसल्या.

दिपमालाचे डोळे भरून आले. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून दिलेला शब्द पाळला होता. उद्या मंडळातून काढलं तरी बेहत्तर. तिला इतका अभिमान वाटला की अक्कांचं हसणं कधी थांबलं ते तिच्या लक्षातच आलं नाही.

अक्का आणखी पुढे सरकल्या होत्या. पडद्यावर आबा कडा चढून येऊन दम खात होते. सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून खांद्याची हाडं वर आलेली, गाल आत गेलेले, कुणीतरी दिलेली पँट कंबरेला सुतळीने आवळून चुण्या चुण्या झालेली. मोठ्या पडद्यावर सगळं मोठं दिसत होतं.

"या इतला बारीक कसा व्हयनात?" अक्का म्हणाल्या. दिपमालाला नव्हे, पडद्याला.

ती जवळ जाऊन उभी राहिली. अक्का पडद्यावरून नजर न काढता बोलत राहिल्या. "हात लागे तं हाडं लागेत. मी इचारू, काय व्हयनं? तं म्हनेत, वय व्हयनं. तठे काय खातस इचारू, तं म्हनेत, मंडळवाला पोटभर जेवाडतस, तू नको चिंता करू. तेस्ना वाटानी भाकर मालेच वाढी देयेत. तठेच पोटभर खाईसन उनात असं वाटे माले."

पडद्यावर आता दुपार झाली होती. पठारावर मंडळाची मंडळी गोलाकार बसली होती, डबे उघडले होते, ठेपले, लोणची, सुकामेवा, हसणं-खिदळणं. आबा जरा बाजूला, खडकाला टेकून, दुसरीकडे बघत. डबे उघडले की आबा दर वेळी सांगायचे की मी घरूनच जेवून आलोय. कुणीतरी एकदा घ्या ना म्हणायचं, आबा हात जोडायचे, आणि विषय संपायचा. विषय संपवायला सगळ्यांनाच बरं वाटायचं. दिपमालाने तो शॉट फिल्ममध्ये ठेवला होता, कारण त्या वेळी आबांच्या तोंडावर ऊन फार छान पडलं होतं.

फिल्म संपली. पाठोपाठ दिवे लागले, आणि भूषणसर चार माणसं घेऊन तावातावाने त्यांच्याकडे येताना दिसले. दिपमालाने पदर खोचला. आज यांना एकेकाला असं सोलून काढायचं होतं की वांगं बरं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कांनी तिचं मनगट धरलं. त्यांची पकड घट्ट होती आणि बोटं थंडगार होती. त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणजे तिचं तोंड जिथे असेल तिथे.

"मना डोया गयात, बेटी," त्या म्हणाल्या. "तू तं दोन हिवाळा तेस्ना मांगेच व्हती. तुले दिसनं नही का?"